ट्रॉलीवरची केबिन आणि डोंगरावरची थंडी : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आप्पा आणि आई स्ट्रॉबेरीच्या सीझनला रानातच मुक्कामाला असतात, दिवाळी झाली की जे वर जातात ते मे महिन्यातच खाली येतात. गव्यांची आणि रानडुकरांची राखण, पहाटेची तोडणी, हे घरनं जाऊन येऊन होत नाही. रान पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या पट्ट्यात, भिलारच्या अलीकडं, आणि घर खाली वाईजवळ. तो सगळा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, तिथं पक्कं बांधायचा विषयच नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीच्या सांगाड्यावर केबिन करून घेतलीय. सीझनला ट्रॅक्टरला जोडायची नि पसरणी घाटानं वर, पावसाच्या आधी परत खाली गोठ्याशेजारी.

केबिन १२ फूट लांब, साडेसहा रुंद, आत सात फूट उंची. बाहेरनं कलर कोटेड पत्रा, आतनं ६ एमएम प्लाय, मध्ये दोन इंची चौकोनी पाइपची फ्रेम आणि त्या फ्रेममध्ये नुसती हवा. खाली ट्रॉलीची चेकर्ड प्लेट, तिच्यावर प्लाय, त्याच्यावर आईची सतरंजी. वेल्डिंगवाल्या मामांनी सांगाडा एक नंबर केलाय, घाटात कधी कुरकुरली नाही, पण थंडीचा विचार कुणीच केला नव्हता.

माझा धंदा एसी-फ्रीजचा, साताऱ्यात, कोल्ड रूमची पण कामं घेतो. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही ह्याचे लोक मला पैसे देतात, इथं आतली बाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणजे काम तेच, बाण तेवढा उलटा. दोन लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारी छोटी यंत्रं) लावले, एक बाहेर सावलीत आणि एक कॉटच्या वर. पहाटे पाचला बाहेर १३, आत साडेचौदा. दोन माणसं रात्रभर आत झोपून, दार-खिडक्या लावून, कमाई फक्त दीड अंश. आणि ही काही खरी थंडी पण नाही अजून.

आप्पांना विचारलं तर "आरं गार कुठं लागतंय, अंगात दम पायजे." आईला विचारलं तर तिनं नुसता गुडघा दाखवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज एक रुपया खर्च न करता काम झालं. केबिनला चाकं आहेत ह्याचा फायदा आजपर्यंत कुणी घेतलाच नव्हता, ती आपली दरवर्षी ओढ्याच्या कडंला खालच्या वाफ्याजवळ लागायची, कारण तिथं सपाट आहे आणि पाणी जवळ. पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारानं वाहत खाली येते आणि खोलगट जागेत साठते. वेण्णा लेकच्या आसपास दर वर्षी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात त्याच्यामागं हेच, निरभ्र रात्र, वारा नाही आणि खोलगट जागा. आमच्याकडं पण खालच्या वाफ्यातली पानं जास्त करपतात हे आप्पांना पाठ आहे, फक्त त्याच वाफ्याशेजारी आपण झोपतोय हे डोक्यात आलं नव्हतं.

लॉगर दोन्हीकडं ठेवून बघितले. ओढ्याकाठी पहाटे १०, वरच्या टप्प्यावर सिल्व्हर ओकच्या रांगेजवळ साडेबारा. अंतर शंभर पावलं पण नसेल.

मग ट्रॅक्टर लावून केबिन वरच्या टप्प्यावर आणली. सिल्व्हर ओकची रांग पूर्व-ईशान्येकडनं येणारा वारा अडवते. मोठी खिडकी दक्षिणेला केली, उन्हाळ्यात त्रास होईल पण तेव्हा फिरवता येते की. चार कोपऱ्यांना जॅक लावून लेव्हल केली. आईची तक्रार, पाणी लांब पडलं. रास्त आहे. पाइप ओढून द्यायचं कबूल केलंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मतदान करून वर आलो, मेव्हण्याला पण घेऊन आलो.

आतला प्लाय उचकटला. जे वाटलं होतं तेच, पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे ओघळ वाळल्याच्या रेषा, खालच्या पाइपवर तांबेरा आणि उत्तरेच्या कोपऱ्यात प्लायच्या मागं काळी बुरशी. माणसाच्या श्वासातली वाफ प्लायच्या फटीतनं मागं जाते, गार पत्र्याला लागते आणि तिथं तिचं पाणी होतं. पत्र्याला घाम फुटतो म्हणतात ते. आई दोन वर्षं म्हणत होती अंथरुणाला ओलसर वास येतो, आप्पा म्हणायचे वर हवाच तशी.

मटेरियल काय घालायचं ह्यावर मेव्हण्याशी वाद झाला. तो म्हणे ग्लासवूल भर, स्वस्तात होतंय. घराला ठीक आहे हो, पण ही केबिन वर्षातनं दोनदा घाट चढते-उतरते, हादऱ्यानं लोकर खाली बसते आणि वरती चार बोटं रिकामी राहतात. शिवाय पावसाळ्यात खाली असली तरी हवा चार महिने दमट, एकदा लोकर ओली झाली की ती बंद भिंतीत वाळत नाही आणि ओल्या लोकरीचा इन्सुलेशनला काही उपयोग नाही. थर्माकोल चालला असता, पण दाबाला कच्चा. पफ (पॉलीयुरेथेन फोम) सगळ्यात भारी, त्याच जाडीत थर्माकोलपेक्षा बरंच जास्त काम करतो, पण महाग. मी एक्सपीएस शीट ठरवली, ती निळी-गुलाबी कडक शीट येते ती. पाणी पीत नाही, वर उभं राहिलं तरी चेपत नाही. २५ एमएमच्या दोन, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.

दाराला मात्र पफच, एका कोल्ड रूमच्या कामातले पॅनलचे तुकडे गोडाऊनला पडून होते, ते कापून.

२४ नोव्हेंबर, रविवार

फरशी. पहिली फरशी का, तर वारा खालनं फिरतो. घराला खाली जमीन असते, हिला खाली तीन फूट मोकळी हवा आणि लोखंडी प्लेट. टेंपरेचर गननं बघितलं तर सकाळी सतरंजीच्या खाली प्लाय ११ दाखवत होता. (गन चकाकत्या पत्र्यावर खोटं बोलते हे लक्षात ठेवायचं, काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर रीडिंग घ्यायचं.)

चेकर्ड प्लेट घासून रेड ऑक्साइड मारला, वर एक्सपीएसचे दोन थर, वर १२ एमएम प्लाय. उंची अडीच इंच कमी झाली, आप्पांचं डोकं अजून लागत नाही. चिकटवायला सोल्युशनवालं अ‍ॅडेसिव्ह अजिबात नाही, ते एक्सपीएस आणि थर्माकोल दोन्ही खातं, अक्षरशः विरघळवतं. फोमच्या गननं चिकटवलं आणि कडेच्या फटी पण त्याच फोमनं भरल्या.

ट्रॉलीच्या भोवती खाली ताडपत्रीचा झालर लावला, जमिनीवर वाळूची पोती ठेवून दाबला. आप्पांची आयडिया होती भाताचा पेंढा रचायचा, जुन्या काळी झोपडीला करायचे तसा. ऊब चांगली धरतो ह्यात वाद नाही, पण उंदीर येणार, उंदरामागं साप येणार आणि एक ठिणगी पडली तर काय. ताडपत्रीवरच मिटवलं. एका बाजूला उघडझाप ठेवलीय, ओल कोंडायला नको म्हणून दुपारी उघडायची.

१ डिसेंबर, रविवार

थंडी गायब. बंगालच्या उपसागरातल्या त्या फेंजल वादळामुळं इथपर्यंत ढग आलेत, पहाटे बाहेर १७-१८. टेस्टिंगला अशा रात्रीचा काही उपयोग नाही, ढग असले की जमिनीची उष्णता वर निसटत नाही, सगळंच गरम दिसतं. आप्पांना मात्र वाटलं फरशीमुळंच झालं, मी पण फार खोडून काढलं नाही.

भिंती आणि छत भरलं. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, जी आमच्या लायनीत सुद्धा बरेच जण करत नाहीत. वायर एक्सपीएसला किंवा थर्माकोलला चिकटून टाकायची नाही. पीव्हीसी वायरीचं मऊपण टिकवणारं जे द्रव्य असतं ते थर्माकोल ओढून घेतो, चार-पाच वर्षांत वायर कडक होते, तडकते, आणि ती भिंतीच्या आत असते. सगळी वायरिंग केसिंग पट्टीत बाहेरनं घेतली. दिसायला कसंतरीच दिसतं, दिसू दे.

सांध्यांना आतल्या बाजूनं अ‍ॅल्युमिनियम टेप, सगळीकडं, एक फट न सोडता. शीट कितीही जाड घाला, वाफ मागं गेली की पत्र्याचा घाम आलाच. टेप उबेच्या बाजूनंच मारायची.

८ डिसेंबर, रविवार

अजून ढगाळच. जेवणानंतर बसून हिशोब केला, कारण आप्पा सारखे विचारतायत हीटर कधी आणतोस.

सगळ्या सहा बाजू धरून साधारण साडेअडतीस चौरस मीटर पत्रा. आधी जी अवस्था होती तिच्यात, फटींसकट, आत-बाहेर एक अंशाचा फरक ठेवायला मोघम १२० वॅट लागत होते. झोपलेला माणूस ८० वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, दोघांचे १६०, म्हणजे फरक सव्वा-दीड अंश. लॉगरनं दिवाळीनंतर तेच दाखवलं होतं. आता भरल्यावर माझ्या हिशोबानं ४०-४५ वॅटला एक अंश. नुसत्या दोन माणसांवर साडेतीन-चार अंश मिळतील. बाहेर ७ झालं तर आत ११. बरं आहे, पण आईच्या गुडघ्याला ११ पुरत नाहीत. आणखी २००-२५० वॅट रात्रभर पाहिजेत.

आणि ते आणायचे कुठनं? मोटारीचं कनेक्शन शेतीचं आहे, त्याच्यावर हीटर लावणं कायद्यात बसत नाही आणि लाईटीची पाळी पण दिवसा-रात्री बदलत असते. केबिनवर छोटं सोलर आहे, १२ व्होल्टची १०० एएचची बॅटरी. ती पूर्ण पिळली तरी सव्वा युनिट, आणि पूर्ण पिळायची नसते. हजार वॅटचा हीटर अर्ध्या तासात तिचं तेल काढेल. इन्व्हर्टर एसीवाले मित्र सल्ले देतायत, त्यांना वर येऊन झोपायला सांगितलंय.

दुपारी पाइपांचं काम केलं. फ्रेमचा पाइप बाहेरच्या पत्र्याला आणि आतल्या प्लायला दोन्हीकडं टेकतो, तिथं शीट नाहीच, लोखंडातनं थंडी थेट आत. गननं रेघा स्पष्ट दिसत होत्या, पाइपवरचा प्लाय मधल्या प्लायपेक्षा तीन-चार अंशानं गार. एसीच्या कॉपर पाइपला जो काळा नायट्राइल रबर लावतो त्याची १३ एमएम शीट आणून पट्ट्या कापल्या, प्रत्येक पाइपवर आतनं एक पट्टी, तिच्यावर प्लाय. स्क्रू तेवढे आरपार जातात, त्याला इलाज नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आली. पहाटे बाहेर ७, खाली ओढ्याकाठी ५. आकाश काचेगत साफ. केबिनमध्ये लॉगर ११.४ दाखवतो, हिशोब बरोबर बसला.

पण आजची नोंद त्याच्यासाठी नाही.

मी शनिवारी रात्री उशिरा पोचलो. दार वाजवलं तर आईनं उघडायला वेळ लावला. आत शिरलो तर दोघांच्या मध्ये फरशीवर घमेलं, घमेल्यात निखारे, वर थोडी राख पसरलेली, आणि आत मस्त ऊब. आप्पा खूश, "बघ, तुझ्या हीटरची गरजच नाय." आई म्हणाली डोकं जड झालंय, मळमळतंय, बहुतेक संध्याकाळचं पिठलं बाधलं. मी घमेलं उचललं नि बाहेर, दार सताड, खिडक्या सताड, दोघांना घोंगडी गुंडाळून बाहेर खाटेवर बसवलं. आप्पा शिव्या घालत होते. अर्ध्या तासात आईचं डोकं उतरलं, पिठल्याचा काही संबंध नव्हता.

निखाऱ्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो. धूर नाही, वास नाही, डोळ्याला पाणी नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मळमळ, मग झोप येते आणि माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून गेलेल्यांची बातमी येतेच. आणि आता तर मी सगळ्या फटी बुजवल्यात. आधी ही केबिन चाळणी होती म्हणून आजवर निभावलं, नाहीतर हेच घमेलं तीन वर्षं आत येत होतं हे मला आज कळलं. आईनं सांगितलं, आप्पांनी डोळे वटारले.

ठरलं ते असं. आत निखारा, कोळसा, गॅस, कंदील काही नाही, चहा पण बाहेरच्या पडवीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मागवला, कॉटच्या उंचीला लावणार. आणि ऊब मी दुसरी देतो असं आप्पांना कबूल केलं, कारण नुसतं नाही म्हणून ते ऐकणाऱ्यातले नाहीत, मी गेलो की घमेलं परत आत.

२२ डिसेंबर, रविवार

बंब.

आमच्या घरी तांब्याचा जुना बंब आहे, गीझर आल्यापासनं माळ्यावर होता. आठवडाभर डोक्यात आकडे फिरत होते. २० लिटर पाणी ७० अंशावरनं २७ पर्यंत उतरलं की बरोबर एक युनिट उष्णता सोडतं. म्हणजे सोलरची अख्खी बॅटरी जवळजवळ एका दुधाच्या कॅनमध्ये. दोन कॅन ठेवले की दोन युनिट, आठ तासात वाटले तर सरासरी २५० वॅट. जेवढे कमी पडत होते तेवढेच. आग बाहेर, धूर बाहेर, आत फक्त झाकणबंद गरम पाणी.

डेअरीला जातात ते स्टीलचे कॅन, २० लिटरचे दोन, जुने मिळाले. वेल्डिंगवाल्या मामांनी बुडाशी अर्धा इंची व्हॉल्व्ह बसवून दिला. कॉटच्या खाली लाकडी चौकटीत कॅन अडकवले, हलायला नकोत.

उकळतं पाणी बादलीनं ट्रॉलीच्या पायऱ्या चढून न्यायचं म्हणजे भाजायचं काम, आणि ते आप्पाच करणार. पण केबिन टप्प्याच्या कडेला आहे आणि वरचा बांध चारएक फूट उंच. बंब बांधावर दगडावर ठेवला, तोटीला गरम पाण्याचा रबरी होज लावला, भिंतीत एक छोटं झाकणाचं भोक पाडून होज थेट कॅनच्या तोंडात. तोटी फिरवली की पाणी आपोआप खाली येतं. साधा बागेचा पारदर्शक पाइप घेऊ नका, ७० अंशाला तो लोंबतो आणि वास मारतो.

जळण म्हणजे वाळून पडलेल्या काटक्या आणि सिल्व्हर ओकचा पाला, झाडाला हात लावायचा नाही आणि लागत पण नाही. बंब तासाभरात तापतो, तो आप्पांचा आवडता उद्योग झालाय, शेकायला मिळतं आणि शेजारच्या रानातले दाजी गप्पांना येतात.

रात्री अकराला आत १९. पहाटे पाचला साडेचौदा, बाहेर ७. पुढच्या रात्री दोनपैकी एक कॅन जुन्या पोत्यात गुंडाळला, पोतं दोन पदरी. उघडा कॅन झोपायच्या वेळेला भसकन ऊब सोडतो, गुंडाळलेला हळूहळू सोडत राहतो. अकराला १८, पाचला १६. ह्या दीड अंशासाठी मी बाजारातनं काही आणलं असतं तर दोन हजार गेले असते.

सकाळी कॅनमधलं पाणी उघड्यात कोमट आणि पोत्यातल्यात चांगलं गरम. आई त्याच व्हॉल्व्हनं तोंड धुवायला घेते. तोडणीवाल्या बायका पण हात शेकून घेतात, पहाटे दवात भिजलेली फळं तोडून बोटं बधिर होतात त्यांची.

२९ डिसेंबर, रविवार

छत. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडं उष्णता फेकत राहतो आणि हवेपेक्षा पण गार होतो. टेप लावून गननं मोजला, हवा ९ आणि छताचा पत्रा ५. म्हणजे छताला बाहेरची थंडी ९ ची नाही, ५ ची लागते. स्ट्रॉबेरीच्या पानावर दव गोठतं ते पण असंच, हवा शून्याच्या वर असताना.

उपाय, छताच्या वर सहा इंच सोडून दुसरं पांघरूण. आणि ते विकत घ्यायची गरज नाही, निवडणूक नुकतीच झालीय, जिल्ह्यात फ्लेक्सला तोटा नाही. वाईतनं दोन मोठे मिळाले, छपाईची बाजू खाली करून पाइपच्या कमानीवर ताणले. दव आता फ्लेक्सवर पडतं, पत्रा कोरडा, आणि सकाळी पत्र्याचं रीडिंग हवेएवढंच. रात्री बॅटरी मारून वर बघितलं की दोन नेते हात जोडून खाली बघतायत. आप्पा म्हणाले, "पाच वर्सात पयल्यांदा उपयोगाला आलं."

१२ जानेवारी २०२५, रविवार

उद्या भोगी, मांढरदेवची यात्रा पण, खाली वाईला गाड्यांची ही गर्दी. आईनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आजच करून ठेवलीय माझ्यासाठी.

ऊब झाली, आता ओल. खिडकीच्या काचेवर सकाळी पाण्याच्या धारा, खालच्या चॅनलमध्ये पाणी साचलेलं. भिंती कोरड्या आहेत, टेपनं काम केलंय, पण वाफ कुठंतरी जाणारच. दोन माणसं झोपेत रात्रभरात अर्ध्या लिटरच्या वर पाणी श्वासातनं आणि घामातनं हवेत सोडतात. आत १८ अंश आणि ७० टक्के दमटपणा असला तर १२ च्या आसपास गार असलेल्या कुठल्याही गोष्टीवर पाणी धरतं, आणि एकेरी काच पहाटे ९-१० ला असते. (मधल्या काळात कुणी सांगितलं गॅसचा हीटर घ्या. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाण्याची वाफ होते, ती सगळी आत. मोनॉक्साइडची भीती आहे ती वेगळीच.)

दोन कामं केली. पॉलीहाऊसला लागते ती पोकळ पॉलीकार्बोनेट शीट, ६ एमएमची, खिडकीच्या मापात कापून आतल्या बाजूनं चुंबक पट्टीवर बसवली, दुपारी काढता येते. आणि दोन तीन-इंची पाइप, एक दाराजवळ खाली आणि एक समोरच्या भिंतीत वर, दोन्हीला जाळी. खालनं ताजी हवा आत, वरनं वाफ बाहेर.

आप्पा ड्रिलचा आवाज ऐकून आले. "सगळी भोकं बुजवलीस आन आता परत भोक पाडतोस व्हय?"

म्हणलं, आप्पा, आधीची भोकं वाऱ्याच्या मर्जीची होती. ही आपल्या मर्जीची, झाकण आहे बघा, पण पूर्ण बंद करायचं नाही.

"आन गार यील त्याचं काय?"

हिशोबानं अर्ध्या-एक अंशाचा फटका आहे. तो घ्यायचा. लॉगरवर दमटपणा ७२ चा ५८ वर आलाय, काच कडेला तेवढी ओली होते. अंथरुणाचा वास गेला हे आईनं न विचारता सांगितलं, माझ्या लेखी तेच रीडिंग.

दाराला आतनं घोंगडीचा पडदा लावलाय, माण तालुक्यातनं आणलेली जुनी काळी घोंगडी. दार उघडलं की जी थंडी भसकन आत यायची ती अर्धी तिथंच अडते. घोंगडी जड पाहिजे, चादर उडते.

९ फेब्रुवारी, रविवार

पहाट अजून ११-१२ ची आहे पण दुपार तापायला लागलीय. एकच कॅन भरतात आता, तो पण पोत्याशिवाय. दुपारी आत ३० च्या पुढं जात नाही, बाहेरचा पत्रा हात लावू देत नाही तरी. फ्लेक्सची सावली पडते छतावर आणि शीट दोन्ही बाजूंनी सारखीच काम करते. केबिन पुढच्या रविवारी फिरवून मोठी खिडकी उत्तरेला करायची.

अलार्म एकदा वाजला. आप्पांनी बंब वाऱ्याच्या बाजूला सरकवला होता आणि धूर खालच्या पाइपनं आत गेला. बंबाची जागा आता बांधावर चुन्यानं आखून ठेवलीय.

खर्च सगळा मिळून मोठ्या एसीच्या किमतीच्या आत बसला, त्यात निम्म्याच्या वर एक्सपीएस आणि प्लाय. मजुरी मेव्हण्याची आणि माझी, ती स्ट्रॉबेरीत फिटली.

राहिलेलं: चाकाच्या वरचा फुगवटा अजून उघडाच आहे, तिथं शीट वाकत नाही, स्प्रे फोम मारावा लागेल आणि त्यासाठी चाकं काढायला हवीत, म्हणजे खाली आल्यावर. दाराच्या उंबऱ्याची रबर पट्टी आत्ताच निघायला लागलीय, ती कोल्ड रूमच्या दाराची घालतो. दाजींना त्यांच्या ट्रॉलीवर असंच करायचंय, त्यांची ट्रॉली दहा फुटी आहे, एक कॅन पुरेल का ते मोजायला लॉगर त्यांच्याकडं लावून आलोय. त्यांना पहिली गोष्ट सांगितली, मापं नंतर घेऊ, आधी शेगडी बाहेर काढा.